नाकमास्तरांचा ट्यूना

मास्तरांनी कागद उलगडला. बायको शेजारीच उभी होती. आत ट्यूनाचे दोन जाडजूड काप होते. रंग म्हणाल तर लालबुंद, बघत राहावा असा. पण वास! आंबूस, उग्र, थेट घशाशी येणारा. खिडकी उघडायच्या निमित्तानं ती दोन पावलं मागं सरली.

मास्तर मात्र कापांवर वाकले. नाक जवळजवळ टेकवलंच. डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“वा! आत्ताच बोटीतून उतरलाय बघ. येतोय हं मला वास. थोडा थोडा, पण येतोय.”

बाईनं नुसती मान डोलावली.

हॉटेलात त्यांना सगळे नाकमास्तर म्हणत. मासे निवडायचे आणि भाजायचे, हे त्यांचं काम. टोपली दारात आली की नुसता वास घेऊन ‘हा आत, हा परत’ असं सांगून मोकळे व्हायचे. घरी आले की बायकोलाही शिकवायचे, “ट्यूनाच्या रंगावर कधी भुलायचं नाही. लाल दिसावा म्हणून काय काय करतात लेकाचे! नाकाला विचारायचं.” आणि मग तो मेला ताप आला. जाताना नाक घेऊन गेला. दूध उतू जाऊन करपलं तरी मास्तर तिथंच शेजारी पेपर वाचत बसलेले. औषधं झाली, वाफारे झाले, डॉक्टर बदलून झाले. सगळं पाण्यात. मालकानं इतके दिवस जागा राखली, भला माणूस. पण आज सकाळी त्याचाही निरोप आला. उद्या कामावर या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. त्याचं तरी काय चुकलं?

महिनोन्‌महिने भिंतीकडे बघत बसलेला हा माणूस आज गुळगुळीत दाढी करून, आपणहून बाजारात गेला होता. जिना चढताना शीळ घालत आला. आता त्याला तोंडावर सांगायचं, की अहो, हा मासा सडलाय? बाईची जीभ रेटेना.

“बिडाचा तवा काढ,” मास्तर म्हणाले.

काय ते हात! कापांवरचं पाणी कागदानं टिपून घेतलं. तेलाचं बोट फिरवलं, मीठ आणि भरड मिरी दाबून लावली. तव्यातून धूर निघेपर्यंत थांबले, आणि मग काप टाकून स्वस्थ उभे राहिले. ढोसायचं नाही, हलवायचं नाही. कडेला पांढरी रेघ वर चढू लागली तशी काप उलटले. बोटानं दाबून पाहिलं आणि मधे गुलाबी असतानाच उतरवले. “आणखी ठेवला की लाकूड,” ते म्हणाले. बाईला एकदम भरून आलं. तिचा नवरा पहिल्यासारखा ओट्याशी उभा होता. आणि घरभर तो वास कोंडला होता, तो फक्त तिलाच येत होता.

टेबलावर दोन ताटल्या आल्या. मास्तर समोर बसले. आपल्या ताटलीला त्यांनी हात लावला नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिनं घास घेतला. जिभेला चरचरलं. गिळला.

“कसा झालाय?”

“झकास!” ती म्हणाली. “तुमच्या हॉटेलात तरी मिळत असेल का असा?”

दुसरा घास. वर पाणी. तिसरा. वर पाणी. संपवला बाईनं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. वर हसूनही दाखवलं.

मास्तरांनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. डोळे पाण्यानं भरले होते.

“एक सांगू? रागावू नकोस. मला काडीचाही वास येत नाही. मघाशी थाप मारली. मासा निवडला तो डोळ्यांनी आणि बोटांनी. म्हटलं, आज तुझं तोंड बघायचं. तू जरा जरी तोंड वाकडं केलं असतंस ना, तर मालकांना नाही म्हणून कळवणार होतो. लोकांना विष घालण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. पण तू तर ताटली साफ केलीस!” आणि ते हसले. तापानंतर पहिल्यांदाच हसले. “जमतंय गं. नाकाशिवाय जमतंय मला.”

सांगून टाकावं असं बाईला एकदा वाटलं. मग वाटलं, निदान आजचा दिवस तरी हसू दे याला. उद्या पहाटे बघू काय करायचं ते. तिनं ओठ घट्ट मिटले.

“आता मीही जेवतो. भूक लागली बुवा,” म्हणत मास्तरांनी ताटली पुढं ओढली. चांगला मोठा तुकडा काट्याला टोचला आणि तोंडाशी नेला.

बाईनं टेबलावरून वाकून त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तुकडा काट्यासकट खाली पडला.

“तुम्ही नका ना खाऊ,” ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

मास्तरांनी त्या लालगुलाबी तुकड्याकडे पाहिलं. मग उठले आणि खुंटीवरचा तिचा कोट काढून आणला.

“चल, आधी डॉक्टरकडे जाऊ,” ते म्हणाले. “मालकांना वाटेत कळवतो.”