सलिल सरांची स्टाइल

दारात चप्पल काढता काढता सलिल सर थबकले. आत कोणीतरी तो सोलो वाजवत होतं. आणि मधलं काही गाळत नव्हतं.

सोलो एका परदेशी बँडचा. जुना, गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलेला. सुरुवात संथ, गोड. शेवटाकडे मात्र असा सुसाट तुकडा, की बोटांच्या गाठी व्हाव्यात. ठाण्यात कोपरीला एका पोळी-भाजी केंद्राच्या वर सरांचा क्लास होता आणि दरवर्षी क्लासच्या कार्यक्रमाचा शेवट ते याच सोलोने करत. सुसाट तुकडा आला की सर डोळे मिटायचे. एकच स्वर ताणून धरायचे आणि मान हलवत राहायचे. तुकडा सरून जाईल एवढा वेळ काढला की पुढची सोपी ओळ पकडायचे. पालक भारावून टाळ्या वाजवायचे.

"आहे तसं कोणीही वाजवेल रे," सर मुलांना सांगायचे. "स्वतःची स्टाइल आणा."

कॉलेजात असताना याच तुकड्यापायी त्यांनी दोन वर्षं घालवली होती आणि तो शेवटपर्यंत हाताला लागला नव्हता, हे मात्र ते कोणाला सांगत नसत. हल्ली ते त्यांनाही फारसं आठवत नसे.

सरांनी दार ढकललं. आत उत्तरा वाजवत होती. कळव्याची मुलगी, दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, संध्याकाळी क्लासला यायची. बाकीचे विद्यार्थी तिच्याभोवती तोंड उघडं टाकून बसले होते.

"सर, ऐकलंत ना?" संचिता ओरडली. "यंदा शेवटचा आयटम उत्तराला द्या!"

सगळ्यांनी गलका केला. नाही म्हणायची सोय नव्हती. सर मोठ्या मनाने हसले.

"दोघं वाजवू. आधी मी, मग उत्तरा. साथीला मी असेनच."

बोलून गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. एकाच स्टेजवर, एकापाठोपाठ एक. हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं, की सरांची स्टाइल म्हणजे नक्की काय.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उत्तराला मागे थांबवून घ्यायला सुरुवात केली.

"बरं वाजवतेस. पण टाइपरायटर वाटतो. यात उत्तरा कुठेय?"

"पण सर, ते तसंच आहे ना मुळात?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे! अगं, कधी कधी न वाजवणं हेच खरं वाजवणं असतं."

हे वाक्य सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकलं. तीन पालकांनी हात जोडले. उत्तरा मान डोलवायची, "हो सर" म्हणायची आणि गिटार पाठीला लावून निघून जायची. तिच्या डोक्यात काय शिरतंय, याचा सरांना काही थांग लागेना.

कार्यक्रम ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हॉल भरलेला. सरांनी त्यांचा सोलो नेहमीसारखा वाजवला, डोळे नेहमीच्या जागी मिटले. टाळ्या पडल्या.

मग उत्तरा पुढे आली. सर तिच्या शेजारी उभे राहून कॉर्ड वाजवू लागले. सुरुवातीची संथ ओळ तिने अशी काही वाजवली, की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. सरांचा सदरा पाठीला चिकटला. तो तुकडा जवळ येत होता. रिपोर्ट उघडणाऱ्या डॉक्टरकडे पेशंटने बघावं, तसे ते तिच्या बोटांकडे बघत होते. तिची बोटं तारांवर जागच्या जागी जाऊन बसली. तेवढ्यात तिने एकदा मान वळवून सरांकडे पाहिलं.

आणि तिने डोळे मिटले. एकच स्वर ताणून धरला. मान हलवत राहिली. तुकडा सरून गेल्यावर पुढची सोपी ओळ तिने अलगद पकडली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

पडद्यामागे पालकांचा घोळका जमला. सरांना आता चेव आला होता.

"ही पोरगी आली तेव्हा नुसती कॉपी करायची. मी तिला एकच सांगितलं, स्वतःला शोध. आज सापडली बघा ती!" संचिताच्या वडिलांनी तिथल्या तिथे धाकट्याचंही नाव क्लासला घातलं.

एवढ्यात घोळक्यातून वाट काढत उत्तराची आई, शकूताई आल्या. त्या सरळ लेकीसमोर उभ्या राहिल्या.

"अगं, ते भराभरा वाजतं ते कुठे गेलं?"

"काकू, ते तिने मुद्दाम सोडलं," सर कौतुकाने म्हणाले. "तिला स्वतःची स्टाइल सापडलीय."

"कसली स्टाइल?" शकूताई म्हणाल्या. "वर्षभर कान किटलेत माझे. आज दुपारी निघेपर्यंत वाजवत होती, एकदासुद्धा चुकली नाही. शेजारच्या देवयानीला मुद्दाम घेऊन आले मी तेवढ्यासाठी. काय गं, विसरलीस का?"

उत्तरा खाली वाकून गिटार पिशवीत घालत होती. गर्दीत सर कुठे उभे आहेत, ते तिला दिसलं नसावं.

"विसरले नाही गं आई," ती हळूच म्हणाली. "शेजारी सर उभे होते. हात उचलवला नाही मला."