डोळा लावायला जागा

"हा पण नको," मर्व म्हणाला आणि तिसरा गाइडस्कोपही त्याने बाकावर परत ठेवला.

जनीनने उसासा गिळला. अ‍ॅडलेडहून ओरूरूला बाबाच्या घरापर्यंत गाडी हाकून तिची कंबर धरली होती. उद्या सकाळी पुन्हा कामावर हजर. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. ती यायची, आणि बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत सापडायचा. टीव्ही कधी चालू असायचा, कधी नाही. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडचं कुलूप तर त्याने उघडलंच नव्हतं.

म्हणून तिने आईचा नाद उचलला. ताऱ्यांचे फोटो काढायचा. एक साधी दुर्बीण घेतली आणि ताऱ्यांच्या चालीने तिला फिरवणारं एक बेताचं माउंट. आता वर बसवायला गाइडस्कोप हवा होता. ही मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर बसणारी छोटी दुर्बीण. ती फोटो काढत नाही. एकाच ताऱ्यावर नजर ठेवते, आणि माउंट जरा भरकटलं की तिच्या आधारे त्याला ताळ्यावर आणायचं असतं. आईच्या खगोल क्लबातल्या लोकांनी तीन बघायला दिले. "बाबा, निवडून दे ना," एवढंच ती म्हणाली, आणि आज शेडचं कुलूप निघालं.

"याला काय झालं?"

"धरून ठेवणारी दोन्ही कडी प्लास्टिकची आहेत. गारठा पडला की ढिली होणार. गाइड बघणार एकीकडे, दुर्बीण दुसरीकडे. तारे अंड्यासारखे लांबुळके येतील."

"आणि हा छोटा?"

"हे खेळणं आहे."

"अरे, सगळे हाच वापरतात. मागे इवलासा कॅमेरा लावायचा, कॉम्प्युटरला जोडायचा. पुढचं सगळं तोच बघतो. आपण खुशाल घरात बसून चहा प्यायचा."

"घरात बसून चहा मी पितोच आहे," मर्व म्हणाला.

मग तो कोपऱ्यात गेला. घोंगडीखालून त्याने जुन्या गाइडस्कोपची एक लांब पांढरी नळी काढली आणि बाहीने पुसली. "ही बघ. काच अजून स्वच्छ आहे."

जनीनने मासे तोलायच्या काट्याला ती अडकवली. काटा सरकन खाली गेला.

"बाबा, माझी दुर्बीण आणि वर हे धूड? माउंटचा जीव केवढा! ते उचलू शकतं त्याच्या निम्मंच लादायचं, हे तूच शिकवलंस ना?"

मर्वने आयुष्यभर पवनचक्क्या दुरुस्त केल्या होत्या. वजनाबद्दल त्याला खोटं बोलता येत नसे. त्याने माउंटला बोटाने हलकेच ढकललं, त्याचं थरथरणं पाहिलं.

"खरंय. नाही पेलायचं." तो खाली बसला. "घे तो छोटा. चांगला आहे तसा. कडी मात्र धातूची बसव." आणि त्याने कुलूप हातात घेतलं.

काम झालं होतं. जनीन इतकी दमली होती की तीही उठून घरात गेली असती. पण तिची नजर बाबा बसला होता त्या जागेवर गेली. तो दुधाचा पालथा क्रेट होता. त्याला सुतळीने एक उशी बांधलेली होती, मधोमध दबून गेलेली. आणि पांढऱ्या नळीच्या मागच्या टोकाचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं.

क्लबाच्या हॉलमध्ये आईचे फोटो लावले आहेत. प्रत्येकाखाली नाव एकच, बेरिल. जनीनला लहानपणच्या त्या रात्री आठवल्या. कॅमेरा उघडून आई म्हणायची, "मर्व, तारा सोडू नकोस. चहा मी आणते." आणि घरात जायची. बाबा मात्र इथेच असायचा. डोळा या रबराला टेकलेला, हातात माउंट सरकवायच्या बटणांची पेटी. तारा भिंगातल्या फुलीवरून केसभर सरकला की एक बटण. तासन् तास.

"बाबा, तुला कसला हवाय गाइड?"

"मला कशाला? फोटो तू काढणार."

"सांग तरी."

मर्व कुलपाशी चाळा करत राहिला. "ज्याला डोळा लावायला जागा असेल, असा."

जनीन उठली. माउंटचे स्क्रू सैल करून तिने आपली नवी कोरी दुर्बीण उतरवली आणि बाकावर आडवी ठेवली. तिच्या जागी ती लांब पांढरी नळी बसवली. नळीच्या पाठीवर नुसता कॅमेरा. मग माउंटला बोटाने ढकललं. ते हललं नाही.

"अगं, वेडी का तू? दुर्बीणच काढलीस, तर फोटो कशातून काढणार?"

"कॅमेऱ्याच्या भिंगातून. आकाशगंगेला तेवढं पुरतं." तिने माउंटच्या बटणांची पेटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि कुलूप काढून घेतलं. "अंधार पडला की तारा धर, आणि सोडू नकोस. चहा मी आणते."