रविवारच्या कोटातली पेपरमिंट

आमच्या वेल्श चॅपलमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन रंगात येऊन गाण्यासारखं सुरात चढू लागलं, की बाकाबाकावरून पांढरी पेपरमिंट फिरते. माझा नवरा इडवल आपली पुडी कायम रविवारच्या कोटात ठेवायचा. मी कधी घेत नसे. भरल्या तोंडानं 'आमेन' कसं म्हणणार?

गेल्या आठवड्यात त्याला इस्पितळात हलवलं. छातीतल्या जळजळीवर तो दिवसभर पित्ताच्या पांढऱ्या, खडूसारख्या गोळ्या चघळायचा. त्यांतलं कॅल्शियम रक्तात साचून मूत्रपिंडं थकली.

"आता यातली एकही पोटात गेली, तर मूत्रपिंडं हातची जातील," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. इडवलनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. घरातल्या गोळ्या मी स्वतः कचऱ्यात टाकल्या.

"एल्युनेड, निदान माझी पेपरमिंट तरी आण गं. इथे रविवार झाल्यासारखं वाटतच नाही."

"अगदी कुक्कुलं बाळ झालास!" मी हसले. कोटातली पुडी नेली आणि रोज माझ्या हातानं त्याला भरवू लागले.

आज डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. "कॅल्शियम उतरत का नाही? यांना कुणी चोरून काही देतंय का?"

"मी उशाशी असताना कोण देणार, बाई?"

त्या गेल्या. इडवलनं सवयीनं तोंड उघडलं. माझाच जीव इतका घाबरा झाला होता, की जन्मात पहिल्यांदा पुडीतली एक मी माझ्या तोंडात टाकली.



जिभेवर नुसता खडू विरघळला, आणि इडवलनं माझं मनगट घट्ट धरलं, "त्यांना सांगू नकोस गं, मला सुटत नाही."