डावी नांगी
घटस्फोटात सगळं शहाण्यासारखं वाटून झालं, उरला तो एकच दगड, आम्ही दोघांनी किनाऱ्यावर शोधून हातोडीने फोडलेला. एका तुकड्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला खेकडा, दुसऱ्यात त्याचा नुसता ठसा. खेकडा तिला मिळाला. मला ठसा, म्हणजे सोप्या भाषेत खड्डा. तेव्हापासून दरवर्षी मी फोन करून खेकडा मागायचो, ती ठाम नकार द्यायची, मग आम्ही तासभर बोलायचो. यंदा ती म्हणाली, "ये, घेऊन जा एकदाचा." आता मी फोन कशासाठी करणार? गेलो. तिच्या स्वयंपाकघरात खेकडा हातात घेतला, तर डावी नांगी गायब. मीच ती पूर्वी चिकटवली होती. तिथला डिंक नुकताच खरवडलेला दिसत होता. "नांगी कुठाय गं?" "पडली असेल," ती पाठमोरी कप विसळत म्हणाली. "शोधते. पुढच्या वर्षी फोन कर."