चंद्रावरची संकष्टी

"तिकीट एक दिवस पुढे ढकलता येईल का गं?" अनसूयाबाईंनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"नॉन-रिफंडेबल आहे, काकू. तारीखही बदलत नाही. अडचण काय?"

"उतरणार त्याच दिवशी संकष्टी. तीस वर्षं चंद्र उगवल्याशिवाय उपास सोडला नाही. चंद्रावर चंद्र उगवणार कुठून?"

रद्द करावं, तर पुढचं यान महिन्यानं. आणि तिकडे लेकीचे दिवस भरलेले.

मुलगी हसली. "तिथे तो मावळतच नाही, काकू. पायाखालीच असतो."

"अगंबाई! पाय लागायचा की त्याला!"

संकष्टीला यानातून उतरताना अनसूयाबाई आधी वाकल्या. चंद्राला हात लावून क्षमा मागितली, मगच पाऊल ठेवलं.

घरात शिरताच लेकीनं विचारलं, "आई, उपासाचं काय?"

"दर्शन झालं गं. आण मोदक."