स्नेहल मॅडम

वसुलीच्या ऑफिसात नंबर कम्प्युटरच लावायचा. कुणाला फोन जाईल ते आपल्या हातात नसायचं. म्हणून प्रज्ञा रोज जीव मुठीत धरून हेडफोन चढवायची. तिच्या स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या थकलेल्या कर्जाची वसुली याच ऑफिसकडे आली होती, आणि जामीन होते बाबा. बाबा दहावीवर बडनेऱ्याला रेल्वेत चिकटले, उभ्या जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही. आपली इंजिनिअर पोरगी बँकेत लागली, असं ते सगळ्यांना सांगत.

त्या दिवशी स्क्रीनवर त्यांचंच नाव आलं. मागे साहेब कान देऊन उभे. प्रज्ञानं आवाज बदलला आणि ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेल्या कडक पुणेरी मराठीत म्हणाली, "स्नेहल बोलतेय. हप्ते कधी भरणार?"

"मी भरतो म्याडम. पोरीले फोन नका करू. बँकेत समजलं तं तिची नोकरी जाईन."

साहेब ऐकत होते, प्रज्ञाला ठरलेलं वाक्य म्हणावंच लागलं. "आजच भरा. नाहीतर उद्या आमची माणसं घरी येतील."

पलीकडे बाबांनी आवाज खाली केला.

"माणसं पाचच्या अंदर पाठवजा म्याडम. मंग पोरगी घरी येते."