एका माणसापुरती फरसबी

बटाटा आतल्या आत फुटला, तेव्हा नवरा मायक्रोवेव्हच्या काचेला नाक लावून उभा होता. आवाजानं तो एवढा दचकला की मागे सरताना फ्रीजवर आदळला.

"टोचे मारले होते का?" तिनं विचारलं.

"मारला होता की. एक."

"एकानं काय होतंय? काट्यानं सगळीकडून टोचायचं. वाफेला बाहेर पडायला नको का?"

"पाहिजे," तो म्हणाला आणि फडकं घेऊन आतला चिखल पुसायला लागला. न सांगता. तिला जरा हायसं वाटलं.

चष्म्याच्या दुकानात तो केसाएवढ्या फरकाच्या काचा घासायचा. घरात मात्र मिठाचा डबा कुठला, हे त्याला तिला हाक मारून विचारावं लागे. गॅसची शेगडी पेटवायची म्हटलं तर चक्क घाबरायचा. म्हणून तिनं हा मायक्रोवेव्ह आणला होता. "दवाखान्यात माझी ड्यूटी बदलणार आहे," तिनं त्याला सांगितलं होतं. "संध्याकाळचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

ड्यूटी बदलणार नव्हती. ती घर सोडणार होती.

भांडण काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान चार शब्द बोलले गेले असते. मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात दार लावलंस का, पाणी तापलं का, एवढंच बोलणं उरलं. दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देताना ती दिवसभर बडबडायची, हसायची. संध्याकाळी घराचा जिना चढताना ती बडबड आपोआप थांबायची. दवाखान्यातल्या नर्सच्या घरची वरची खोली रिकामी झाली, तेव्हा तिच्या तोंडून "मी घेते" असं निघून गेलं. मग तिची तीच घाबरली.

"आता अडलंय कुठं?" नर्सनं विचारलं.

"त्यांच्या जेवणाशी. बिस्किटं खाऊन दिवस काढतील गं."

म्हणून ही शिकवणी. गाजराच्या चकत्या सारख्या जाडीच्या कापायच्या. पाणी दोन चमचे, जास्त नाही. स्टीलचं भांडं चुकूनही आत ठेवायचं नाही. झाकण उघडताना तोंड लांब धरायचं, नाहीतर वाफ भाजते. आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, थोडा वेळ तसंच ठेवायचं.

"कशाला? शिजलंय की."

"आतल्या वाफेवर शिजत असतं अजून. घाई करू नका."

घाई तिलाच झाली होती. तो गाजरं कापत असला की ती उगाच कपाटं उघडून बंद करायची, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. चुकला की चिडायची, जमलं की लगेच पुढची भाजी काढायची.

"एका माणसाला फरसबी किती लागते?" एकदा त्यानं विचारलं.

तिच्या हातातली सुरी थांबली. "एका का? दोघं आहोत ना आपण."

"तू नसशील तेव्हा."

"ड्यूटीवर असेन तेव्हा म्हणताय?"

"मग अजून कधी?"

तो शेंगांची टोकं खुडत होता. चेहऱ्यावरून काही कळेना. त्याच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे.

पुढे त्याचे प्रश्न वाढतच गेले. उकडलेला बटाटा फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो? असलं काचेचं भांडं कुठल्या दुकानात मिळतं? एकट्यासाठी आख्खा फ्लॉवर आणला तर उरलेल्याचं काय करायचं? ती उत्तरं द्यायची आणि मान खाली घालायची.

"त्यांना संशय आलाय," तिनं नर्सला सांगितलं. "मुद्दाम विचारतात, माझ्या तोंडून काढायला."

"मग सांगून टाक ना एकदाचं."

"पालक जमू दे. त्यांचा पालक अजून पाणचट होतो."

"पालक झाला की भोपळा काढशील. असं करत करत त्यांना हॉटेलच घालून देशील बघ!"

ती हसली, पण ते तिला लागलं. खोली अडवून किती दिवस ठेवायची?

पालक जमला. त्या रविवारी त्यानं तिला ओट्याजवळ फिरकूही दिलं नाही. मटार, गाजर, सालासकट बटाटा. वर लोणी आणि मिरपूड. ताट तिच्यासमोर ठेवून तो ती काय म्हणते याची वाट बघत राहिला.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"खरंच?"

"खरंच चांगलं झालंय." तिला रडू येईल असं वाटलं. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी वाढलं नव्हतं, हे आत्ता कशाला आठवावं? हे ताट आधी कधी पुढं आलं असतं, तर कदाचित. पण आता कारणं संपली होती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून अर्ध्या दिवसानंच निघाली. आधी बॅग भरायची, मग तो दुकानातून आला की सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. जिन्यात तिनं वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. किल्ली फिरवायच्या आत दार उघडलं.

तो घरीच होता. दुकानात जायच्या कपड्यांत, पायात बूट.

"बरं झालं लवकर आलीस," तो म्हणाला.

"मला तुमच्याशी बोलायचंय."

"मलाही. आधी मी बोलतो, नाहीतर राहूनच जाईल. गेली तीन-चार वर्षं राहतंय." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दुकानाच्या मागं एक खोली घेतलीय मी. आजपासून तिकडंच राहणार. तुझं काही चुकलं नाही. हे घर तुला राहू दे."

ती दारातच उभी राहिली.

त्यानं आतून सूटकेस आणली, तिच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडला आणि पहिल्या पायरीवर थांबला.

"तू शिकवलंस म्हणून धीर झाला गं," तो अगदी मनापासून म्हणाला. "नाहीतर नुसत्या जेवणापायी इथंच अडकून पडलो असतो."